शेजार पाहिलात, आता दप्तर पाहा

पत्र : आम्ही पती-पत्नी, 9 वर्षांची मुलगी आणि 68 वर्षांच्या सासूबाई असे चौघे अनेक वर्षे भाड्याच्या घरात राहत आहोत. आता शहराच्या जुन्या भागात एक घर आमच्या आवाक्यात आले आहे. इमारत 42 वर्षांची, तळमजला आणि वर तीन मजले, एकूण 16 घरे, लिफ्ट नाही. आमचे घर तिसऱ्या म्हणजे सर्वांत वरच्या मजल्यावर आहे. त्याच भागातील नव्या इमारतीतल्या तेवढ्याच घराच्या तुलनेत किंमत निम्म्याहून थोडी अधिक आहे. परिसरातील माणसे एकमेकांना धरून आहेत आणि आम्ही घर पाहायला गेलो तेव्हा तिघांनी आपणहून येऊन ओळख करून घेतली. छताला नुकताच रंग दिलेला आहे. बाल्कनीच्या वरच्या तुळईखाली एक तपकिरी रेघ मात्र दिसली. घर विकणारी तीन भावंडे असून ‘कागदांची काळजी नको, इथे सगळे आम्हाला ओळखतात,’ असे त्यांतील ताई म्हणाल्या. माझे दीर म्हणतात, चाळिशी उलटलेली इमारत घेऊच नये. इंजिनिअर आणून तपासणी केली तर या चांगल्या माणसांना अविश्वास वाटेल का? आणि सगळ्यांना सगळ्यांचे सगळे ठाऊक असते अशा ठिकाणी आमचा जीव गुदमरेल का?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपल्या दिरांच्या म्हणण्यापासून सुरुवात करतो, कारण त्यांची काळजी रास्त असली तरी त्यांनी दोष वयाच्या माथी मारला आहे आणि खरा गुन्हेगार पाणी आहे. काँक्रीट ताजे असताना इतके अल्कधर्मी असते (त्याचा सामू, म्हणजे pH, 12 ते 13 च्या आसपास असतो) की आतील लोखंडी सळ्यांवर एक सूक्ष्म संरक्षक थर आपोआप तयार होतो आणि तो असेपर्यंत त्या गंजत नाहीत. हवेतील कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये वर्षानुवर्षे झिरपत जातो आणि हा अल्कधर्म बाहेरून आत हळूहळू संपवत नेतो. त्याची गती काळाच्या वर्गमुळाप्रमाणे असते, म्हणजे पहिल्या 10 वर्षांत तो 10 मिलिमीटर आत गेला असेल तर 20 मिलिमीटरपर्यंत पोहोचायला त्याला साधारण 40 वर्षे लागतात. स्लॅबच्या तळाशी सळईवर काँक्रीटचे आवरण बहुधा 15 ते 20 मिलिमीटरच असते. तेव्हा 42 वर्षांच्या इमारतीत हे संरक्षण संपत आले असण्याची शक्यता आहे, एवढे आपल्या दिरांचे बरोबर आहे. मात्र संरक्षण संपले म्हणून सळई लगेच गंजत नाही. गंजायला ओल लागते. कोरड्या खोलीच्या छतातील सळई त्यानंतरही वर्षानुवर्षे ठणठणीत राहते आणि त्याच इमारतीत न्हाणीघराखालची, बाल्कनीतली किंवा गळक्या गच्चीखालची सळई फुगून काँक्रीट फोडते, कारण गंजलेले लोखंड मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा व्यापते.

म्हणून आपण पाहिलेली ती तपकिरी रेघ मला आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य वाटते. गिलाव्यावरील जाळीसारख्या बारीक, वेड्यावाकड्या भेगा बहुतेक वेळा केवळ गिलाव्याच्याच असतात आणि त्यांनी घाबरून जायचे कारण नाही. तुळईच्या तळाशी, तिच्या लांबीला समांतर, सरळ जाणारी आणि गंजाचा रंग उतरलेली रेघ ही मात्र आतल्या सळईची खूण समजावी. पुढच्या वेळी जाल तेव्हा एक जाडसर नाणे बरोबर न्या आणि त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना वीतभर अंतरापर्यंत हलकेच ठोकून पाहा. घट्ट काँक्रीट टणक, खणखणीत आवाज देते. सुटलेले काँक्रीट बद्द वाजते. बद्द आवाज जेथून जेथपर्यंत येतो, तेवढी जागा पेन्सिलीने आखून तिचे छायाचित्र घ्या. ही काही तपासणी नव्हे, पण इंजिनिअरला कोठे पाहायला सांगायचे ते आपल्याला त्यामुळे कळेल. नुकताच दिलेला रंगही मला थोडा खटकतो. घर विकण्यापूर्वी रंग देणे हा काही अपराध नाही, चांगले दिसावे म्हणून कोणीही तो देतो. परंतु सर्वांत वरच्या मजल्यावर सगळ्या भिंती जुन्या रंगात ठेवून केवळ छत रंगवले असेल, तर त्या छताला एक पावसाळा पाहिल्याशिवाय किंवा निदान ओलावा मोजणारे यंत्र लावल्याशिवाय मी त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही.

तपासणीसाठी संरचना अभियंता (स्ट्रक्चरल इंजिनिअर), म्हणजे इमारतींच्या सांगाड्याचे काम करणारा, आपण स्वतः नेमावा; विकणाऱ्यांनी किंवा दलालाने सुचवलेला नको. हातोड्याच्या उसळीवरून काँक्रीटच्या पृष्ठभागाचा टणकपणा अजमावणे, सळई किती खोल आहे ते यंत्राने पाहणे आणि बारीक छिद्र पाडून त्यात फिनॉल्फथॅलीनचे द्रावण फवारणे या तीन साध्या चाचण्या तो करू शकतो. शेवटची चाचणी आपणही उभे राहून पाहावी, कारण ती डोळ्यांना दिसते : जेथे काँक्रीटचा अल्कधर्म शिल्लक आहे तेथे द्रावण गडद गुलाबी होते आणि जेथे तो संपला आहे तेथे रंगच येत नाही. गुलाबी रंग सळईच्या अलीकडेच सुरू होत असेल तर इमारतीजवळ अजून पुष्कळ वर्षे आहेत. इंजिनिअरला आपले घर जेवढे दाखवाल तेवढीच गच्ची, तळमजल्याच्या खांबांचे पाय आणि पाण्याची टाकी दाखवा. गच्चीवर गळती थांबवण्यासाठी थरावर थर चढवलेले असतात आणि 5 सेंटिमीटर जाडीचा काँक्रीटचा एक थर प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे 120 किलो भार टाकतो; मागाहून ठेवलेली 1000 लिटरची प्रत्येक टाकी भरल्यावर टनभर वजनाची होते. हे सारे आपल्या डोक्यावर असणार आहे, हे वरचा मजला घेणाऱ्याने विसरू नये.

नळ आणि विजेबद्दल थोडक्यात सांगतो, कारण हे दोष पैशाने आणि महिन्याभरात सुधारतात. जुने जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी नळ आतून गंजून अरुंद होत जातात. शिवाय टाकी गच्चीवर असेल तर आपल्या नळाला जेमतेम 4 मीटर उंचीचा दाब मिळेल आणि तळमजल्याला त्याच्या तिप्पट. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर या दोन्हींचे नळ एकाच वेळी सोडून 10 लिटरची बादली किती वेळात भरते ते पाहिले की पुरे. विजेची वायर 42 वर्षांची असेल तर ती संपूर्ण बदलण्याचा खर्च किंमत ठरवतानाच धरा, आणि मीटरपासून घरापर्यंत येणारी मुख्य केबल आजचा भार सोसेल का, हे वेगळे विचारा, कारण ती आपल्या भिंतीबाहेरून येते आणि बदलायची तर इतरांची संमती लागते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आपण लिहिता की माणसे एकमेकांना धरून आहेत, आणि मला त्यात शंका नाही. पण सदनिका विकत घेणारा माणूस चार भिंती घेतो त्याबरोबर गच्ची, जिना, टाकी, सांडपाण्याचे नळ आणि पाया यांतील सोळावा वाटाही घेतो, आणि त्या वाट्याचे भवितव्य उरलेल्या पंधरा घरांच्या हाती असते. ही पंधरा घरे प्रेमळ आहेत का, हा एक प्रश्न झाला. ती वेळेवर एकत्र बसून, पैसे काढून, काम पुरे करून घेतात का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ‘होय’ असले म्हणून दुसऱ्याचेही तेच असेल असे नाही, किंबहुना माझा अनुभव थोडा उलटा आहे. जेथे जिव्हाळा फार असतो तेथे थकबाकी मागायला कोणाची जीभ उचलत नाही. ज्यांनी आपल्या मुलांना खेळवले, आजारपणात रात्री जागवल्या, त्यांच्या दारात वसुलीची चिठ्ठी घेऊन कोण उभा राहणार?

मी स्वतः अशाच एका इमारतीत अकरा वर्षे राहिलो. घर घेताना शेजाऱ्यांच्या अगत्यावर इतका खूश होतो की गृहनिर्माण संस्थेचे दप्तर, म्हणजे सभांच्या नोंदी आणि हिशेब, मागावे असे मनातही आले नाही. पुढे समितीवर आलो आणि सभांच्या इतिवृत्ताची वही हाती पडली, तेव्हा एकच वाक्य सलग चार वर्षांच्या सभांत, एकाच वळणदार अक्षरात, लिहिलेले दिसले : ‘गच्चीच्या दुरुस्तीचा विषय सर्वानुमते पुढील सभेत घेण्याचे ठरले.’ सर्वानुमते! कोणी भांडले नाही, कोणी रुसले नाही, चारही सभा हसतखेळत पार पडल्या आणि चारही पावसाळे गच्चीतून आत आले. जे काम पहिल्या वर्षी केवळ वरच्या थराचे होते ते पाचव्या वर्षी स्लॅबच्या सळ्यांपर्यंत पोहोचले. त्यानंतर आम्ही जे पैसे भरले त्याची आठवण आजही सुखाची नाही.

तेव्हा विकणाऱ्या भावंडांमार्फत संस्थेच्या मागील पाच वर्षांच्या सभांचे इतिवृत्त, हिशेबपत्रके आणि थकबाकीची यादी पाहायला मागा. थकबाकीदारांची नावे देण्यास कोणी कचरले तर नावे नकोत, केवळ किती घरांची किती महिन्यांची बाकी आहे एवढेच सांगा, असे म्हणा. हिशेब साधा आहे. मोठ्या दुरुस्तीचा खर्च 16 घरांत वाटला जाणार असेल आणि त्यांतील 3 घरे काही केल्या पैसे देत नसतील, तर उरलेल्या 13 घरांचा वाटा सुमारे 23 टक्क्यांनी वाढतो. 5 घरे मागे राहिली तर तो जवळपास 45 टक्क्यांनी वाढतो आणि तेव्हा बहुधा कामच सुरू होत नाही. राखीव निधीत किती शिल्लक आहे, मासिक वर्गणी शेवटची कधी वाढली आणि मागचे मोठे काम कोणते झाले, हे तीन प्रश्न विचारा. वर्गणी दहा वर्षे वाढलेली नाही हे कोणी अभिमानाने सांगितले तर सावध व्हा. उलट, दोन वर्षांपूर्वी भांडणे झाली, दोन सभा उधळल्या, पण शेवटी सांडपाण्याचे सगळे नळ बदलले, असे कोणी थोड्या ओशाळ्या स्वरात सांगितले, तर ती इमारत मला निःसंशय अधिक विश्वासाची वाटते. भांडून का होईना, त्यांनी काम पुरे केले आहे.

तपासणीने माणसे दुखावतील का, या आपल्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे आपण ती कशी मागता यावर आहे. गुपचूप इंजिनिअर नेऊन गच्चीवर हातोडा चालवलात तर लोक दुखावतील, आणि त्यांचे चुकणार नाही. त्याऐवजी सेक्रेटरींना प्रत्यक्ष भेटून सांगा की आम्हाला येथे दीर्घकाळ राहायचे आहे, म्हणून घरात लागणाऱ्या कामांचा अंदाज घेत आहोत. गच्ची आणि तळमजला पाहायला परवानगी द्यावी. अहवालाची एक प्रत आम्ही संस्थेलाही देऊ. छिद्र पाडायचे असेल तर कोठे पाडणार आणि ते कसे बुजवणार हेही आधीच सांगावे. सामाईक भागाची तपासणी कोणी आपल्या खर्चाने करून देत असेल तर समंजस समितीला ते हवेच असते. यावर जी प्रतिक्रिया मिळेल, तीच आपल्या भावी शेजाऱ्यांविषयी सर्वांत खरी माहिती असेल. एखाद्या आजोबांनी कपाळाला आठी घातली तर ते मनावर घेऊ नका, परंतु समितीनेच गच्चीची किल्ली द्यायला तीन आठवडे टाळाटाळ केली तर हा व्यवहार सोडून द्यावा असे माझे स्पष्ट मत आहे.

ताईंच्या ‘इथे सगळे आम्हाला ओळखतात’ या वाक्याबद्दल मला त्यांचा राग येत नाही; ज्या गल्लीत बालपण गेले तेथे माणसाला स्वतःचा पुरावा द्यावा लागत नाही, आणि ती सवय अंगवळणी पडते. पण कर्ज देणारी बँक आणि नोंदणी कार्यालय त्या गल्लीत वाढलेले नाहीत. विकणारी तीन भावंडे आहेत म्हणजे घर बहुधा त्यांच्या वडिलांचे असावे, तेव्हा नोंदीत आज नाव कोणाचे आहे, वडिलांचेच राहिले आहे की तिघांची नावे लागली आहेत, मृत्युपत्र होते की नाही, आणि आणखी कोणी वारस आहे का, हे वकिलाकडून तपासून घ्या. पहिल्या खरेदीपासून आजपर्यंतची मालकीची साखळी सलग हवी. मधला एकही दस्त ‘आहे, शोधावा लागेल’ अशा अवस्थेत चालणार नाही. तिन्ही भावंडांच्या सह्या हव्यात आणि जे परगावी असतील त्यांचे कुलमुखत्यारपत्र याच व्यवहारासाठी केलेले आणि रीतसर नोंदवलेले हवे. बाल्कनी बंद करून खोली केलेली असेल तर ती मंजूर नकाशात आहे का तेही पाहून घ्या, कारण बेकायदा बांधकाम घराबरोबर विकत येते. इसार देण्यापूर्वी इसारपावतीतच लिहून घ्या की इमारतीच्या सांगाड्यात गंभीर दोष आढळला, मालकी निर्वेध नसली किंवा बँकेने कर्ज नाकारले, तर रक्कम ठरलेल्या मुदतीत पूर्ण परत मिळेल. बँकेचे नाव घेतलेच आहे तर एक गोष्ट आजच करा : इमारतीचे वय सांगून कर्ज किती वर्षांचे मिळेल ते विचारा. जुन्या इमारतीचे उरलेले आयुष्य पाहून बँका मुदत कमी करतात आणि मुदत कमी झाली की हप्ता वाढतो; स्वस्त घराचा हप्ता महागड्या घराएवढा झाल्याचे मी पाहिले आहे.

किंमत बोलताना वायरिंग, नळ, तुळईची दुरुस्ती आणि गच्चीच्या कामातील आपला वाटा हे चारही आकडे इंजिनिअरकडून लेखी घ्या आणि ते भावंडांसमोर ठेवा. तुळईची दुरुस्ती म्हणजे गिलावा लावून रंग देणे नव्हे. सुटलेले काँक्रीट सळईच्या मागपर्यंत फोडून, गंज काढून, गंजरोधक लेप देऊन मग नवे भरणे, एवढे सारे त्यात येते. अंदाजपत्रकात हे टप्पे वेगवेगळे लिहिलेले नसतील तर ते परत करा. ‘पुढे इमारत पाडून नवी होईल, मोठे घर मिळेल’ ही आशा कोणी किमतीत मोजू लागले तर ते मान्य करू नका. तसे होईलही, पण 16 घरांचे एकमत व्हायला किती वर्षे लागतील हे कोणालाच सांगता येत नाही.

सासूबाईंविषयी आपण वय सांगून पुढे काही लिहिले नाही, म्हणून मीच विचारतो. एका मजल्याला 18 पायऱ्या धरल्या तरी घरी पोहोचायला 54 पायऱ्या चढाव्या लागतील, आणि उद्या त्यांचे गुडघे दुखू लागले तर खालच्या अंगणातील ज्या गप्पांसाठी आपण हा परिसर निवडत आहात त्या त्यांच्याच वाट्याला येणार नाहीत. लिफ्ट बसवू म्हणून कोणी सांगितले असेल तर जिन्यालगत जागा कोठे आहे ते दाखवायला सांगा आणि तळमजल्यावरची चार घरे तिचा खर्च देणार आहेत का तेही विचारा. त्याच इमारतीत किंवा शेजारच्या इमारतीत पहिल्या मजल्यावरचे घर वर्षभरात निघण्याचा संभव असेल, तर मी त्यासाठी थांबेन, आणि तेथे गच्चीच्या गळतीची थेट झळही कमी बसेल. निर्णयापूर्वी सासूबाईंना एकदा भाजीची पिशवी हातात देऊन तो जिना चढायला लावा. त्यांचे मत त्या वरच्या पायरीवरच विचारा.

गुदमरण्याच्या भीतीबद्दल मी कमी लिहितो, कारण तिचे उत्तर आपल्याच स्वभावात आहे. कोणी दार न वाजवता आत आलेले ज्यांना मुळीच चालत नाही, त्यांनी असे घर फुकट मिळाले तरी घेऊ नये. पण थोडा सहवास हवा आणि थोडा एकांतही हवा, असे वाटत असेल तर पहिल्या सहा महिन्यांत आपली रीत शांतपणे रुजवता येते. लोक शेजाऱ्याच्या सवयी लवकर शिकतात. घर पाहायला आपण कोणत्या वेळी गेलात हे पत्रात नाही. आठवड्यातील एखाद्या कामाच्या दिवशी रात्री नऊनंतर जाऊन अर्धा तास जिन्यात उभे राहा, आवाज कोठून किती येतो ते ऐका, आणि घरमालकांपेक्षा तेथे भाड्याने राहणाऱ्या एखाद्या कुटुंबाशी बोला. भाडेकरूला घराची किंमत टिकवायची नसते, त्यामुळे तो मोकळेपणाने बोलतो. मुलीला बरोबर न्या. तिच्या वयाची किती मुले त्या गल्लीत आहेत हे ती आपल्याहून लवकर शोधून काढील.

इतिवृत्ताची वही आणि इंजिनिअरचा अहवाल हाती आला की पुन्हा लिहा. त्या पत्रात गच्चीचे शेवटचे वॉटरप्रूफिंग कोणत्या वर्षी झाले आणि त्याचे पैसे किती घरांनी भरले, हे दोन आकडे अवश्य कळवा.